औषधावर औषध आणि डॉक्टरांपुढचा पेच

गेल्या खरिपातली गोष्ट. कपाशीवर दुसरी फवारणी चालू होती. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावाहून फोन आला, "साहेब, दादाला औषध लागलंय, तालुक्याला आणलंय, लवकर या." मी पोचलो तेव्हा त्या शेतकऱ्याला खाटेवर कुशीवर निजवले होते. अंगाला घामाच्या धारा, तोंडाला लाळ, छातीत घरघर, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. कपडे अजून अंगावरच, आणि त्यांना तो ओळखीचा उग्र वास.

डॉक्टर तरुण होते. मला पाहताच त्यांनी विचारले, "तुम्ही कृषी खात्याचे ना? मग कोणतं औषध होतं ते सांगा."

आपल्या भाषेची एक गंमत आहे. पिकावर मारतो तेही औषध आणि दवाखान्यात घेतो तेही औषध. धाकट्या भावाला विचारले तर तो म्हणाला, "पिवळ्या झाकणाची बाटली हाय, साहेब." पिवळ्या झाकणाच्या बाटल्या बाजारात कितीतरी असतात. शेवटी शेजाऱ्याला फोन करून गोठ्यातली बाटली मोटारसायकलवर मागवली. त्यात पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात डॉक्टर आणि सिस्टर दर पाच मिनिटांनी ॲट्रोपीन भरत होते, छातीला नळी लावून ऐकत होते आणि पुन्हा भरत होते.

मग डॉक्टरांनी 'पाम' नावाच्या इंजेक्शनबद्दल सांगितले. दवाखान्यात थोडा साठा आहे, जास्त लागले तर बाहेरून आणावे लागेल. भावाने कुप्यांचा आकडा ऐकला आणि मला बाजूला घेतले. "साहेब, एक बैल इकू का? तुमी सांगाल तसं करतो."

मी काय सांगणार? डॉक्टरांनी ते ऐकले असावे. ते जवळ येऊन म्हणाले, "थांबा. या इंजेक्शनाने नक्की फायदा होतो असं मी सांगू शकत नाही. काही ठिकाणी फायदा दिसलाय, काही ठिकाणी नाही. मी देणार आहे, पण त्यासाठी बैल विकू नका."

व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. डॉक्टरलाच माहीत नसेल तर कुणाला असणार? एक पाहुणे तर म्हणाले, "उचला इथून, जिल्ह्याला न्या." खरे सांगायचे तर मलाही तेव्हा ते बोलणे रुचले नाही. पुढे पंधरा दिवसांनी मी मुद्दाम त्या डॉक्टरांना भेटलो, त्यांच्याकडून या विषयावरच्या अभ्यासांची माहिती घेतली आणि समजेल तेवढी समजून घेतली. ती शेतकरी बंधूंपर्यंत जावी, तशीच पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी यांच्यापर्यंतही जावी, कारण अशा रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात यांपैकी कुणीतरी उभे असतेच.

ओल्या सिमेंटमधली वीट

आपण वापरतो त्यातली बरीच कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरस गटातली असतात. क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे सर्वांच्या ओळखीची. ती किडीला मारतात तो मार्ग आणि माणसाला बाधतात तो मार्ग एकच. मज्जातंतू स्नायूला, ग्रंथीला हुकूम देतात आणि तो देऊन झाला की शरीरातले एक विकर, त्याला कोलिनेस्टरेज म्हणतात, तो पुसून टाकते. विष या विकरालाच धरून बसते. मग विहिरीवरच्या स्टार्टरचे लाल बटण दाबले तरी मोटार बंद होऊ नये, तसे होते. लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, फुप्फुसात पाणी भरत जाते, स्नायू फडफडतात आणि शेवटी थकून श्वासही घेईनासे होतात.

यावर डॉक्टरांकडे दोन उतारे असतात. एक ॲट्रोपीन. ते विकराला सोडवत नाही. पण ग्रंथी आणि फुप्फुसे यांच्यावर जो हुकमांचा मारा चाललेला असतो तो अडवते. छाती कोरडी होते, नाडी सुधारते. हे द्रव्य धोत्र्याच्या कुळातल्या झाडांत असते. (म्हणून कुणी घरी धोत्रा वाटून पाजू नये. ते दुसरे विष होईल. हा उद्योग करणारे लोक मी पाहिले आहेत म्हणून लिहितो.) ॲट्रोपीन जुने आहे, स्वस्त आहे आणि त्याच्या उपयोगाबद्दल कुणाचे दुमत नाही.

दुसरा उतारा पाम, म्हणजे प्रालिडॉक्सिम. हे १९५० च्या दशकात वापरात आले. कागदावर पाहिले तर खरा उतारा हाच, कारण तो विषाला विकरापासून ओढून वेगळे करतो. पण त्याला वेळेची मर्यादा आहे. सिमेंट ओले असते तोवर बसवलेली वीट काढता येते, एकदा धरले की फोडावीच लागते. तसेच विष आणि विकर यांचा बंध काही तासांनी पक्का होतो, मग पामचा हात पोचत नाही. काही कीटकनाशकांत हा बंध सावकाश पक्का होतो, क्लोरपायरीफॉस त्यातले. काहींत फार लवकर होतो. डॉक्टर 'कोणतं औषध' असे पुन्हा पुन्हा का विचारत होते ते इथे कळते.

तर कागदावर उत्तम. पण प्रत्यक्षात त्याने माणसे वाचतात का? पाम कित्येक वर्षे सर्वत्र दिले जात होते तरी हा प्रश्न नीट तपासला गेलेला नव्हता. आपल्याकडे एखादी फवारणी सगळे करतात म्हणून आपणही करतो, आणि न फवारलेल्या चार ओळी कुणी ठेवलेल्याच नसतात. त्यातला प्रकार.

बारामतीचे शंभर आणि शंभर

या प्रश्नातला एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमधील डॉ. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषबाधेचे २०० रुग्ण घेतले. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम पाम दिले. नंतर चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणे दर चार तासांनी १ ग्रॅम, आणि दुसऱ्या गटाला दर तासाला १ ग्रॅम असे सलग ४८ तास. निकाल 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २००६ मध्ये छापून आला. नेहमीच्या मात्रेच्या गटात १०० पैकी ८ दगावले, जास्त मात्रेच्या गटात १०० पैकी १. श्वासनलिकेत नळी घालण्याची वेळ पहिल्या गटात ८८ जणांवर आली, दुसऱ्यात ६४ जणांवर.

हे वाचून कोणीही म्हणेल, झाले, प्रश्न मिटला. पण आता हिशोब करून पाहा. जास्त मात्रेचे ४८ तासांचे पाम म्हणजे सुरुवातीचे धरून ५० ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमची कुपी धरली तर शंभर कुप्या. नेहमीच्या मात्रेत १४ ग्रॅम, म्हणजे अठ्ठावीस. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरच्यांपुढे हा आकडा रात्री अकरा वाजता ठेवायचा. शिवाय बारामतीचे रुग्ण मध्यम तीव्रतेचे होते आणि अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासाची यंत्रे हाताशी असताना त्यांच्यावर उपचार झाले. बागायतीतले वाण कोरडवाहूत आणून पेरले तर काय होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याआधी १९९० च्या दशकात तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पामवर अभ्यास झाले होते, आणि तिथल्या डॉक्टरांना पामचा फायदा आढळला नव्हता. दोन्ही ठिकाणची माणसे जाणकार, दोन्ही ठिकाणचे रुग्ण आपल्यासारखेच शेतकरी आणि मजूर, आणि तरी निष्कर्ष एकमेकांच्या उलट.

कंट्रोलचा प्लॉट

तिसरा प्रयोग श्रीलंकेतला, आणि डॉक्टरांपुढचा नैतिक पेच खऱ्या अर्थाने तिथे उभा राहिला.

आम्ही शेतात प्रात्यक्षिक घेतो तेव्हा एक प्लॉट कंट्रोलचा ठेवतो. त्याला शिफारस केलेले खत देत नाही किंवा फवारणी करत नाही. दरवर्षी एखादा शेतकरी हटकून विचारतो, "साहेब, माझ्याच चार ओळी उपाशी का ठेवल्या?" मी सांगतो, त्या ठेवल्या नाहीत तर वाढ खताने झाली की पावसाने हे कसे कळणार? तो मान डोलावतो, कारण नुकसान दोन पायल्यांचे असते, आणि पुढच्या वर्षी ते भरून निघते.

पण कंट्रोलच्या ओळीत माणसे असतील तर?

श्रीलंकेतल्या अनुराधपुरा आणि पोलोन्नरुवा ही भातशेतीच्या मुलखातली गावे. तिथल्या रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण सतत येत. तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवले की अर्ध्या रुग्णांना पाम द्यायचे आणि अर्ध्यांना नुसते सलाईन, म्हणजे मिठाचे पाणी. कुणाच्या बाटलीत काय आहे हे रुग्णाला माहीत नाही, नातेवाइकांना नाही आणि खाटेजवळच्या डॉक्टरलाही नाही. ॲट्रोपीन, प्राणवायू आणि बाकीची सेवा मात्र सर्वांना सारखीच.

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पुस्तकात ज्याला उतारा म्हटले आहे तो हाताशी असताना विषबाधेच्या माणसाला मिठाचे पाणी? १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून माणसांवरच्या प्रयोगांचे नियम जगभर घालून दिलेले आहेत, आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचेही आहेत, त्यांची सुधारित आवृत्ती २०१७ ची आहे. त्यांचे सार असे, की खात्रीचा उपचार असताना रुग्णाला त्यापासून वंचित ठेवून प्रयोग करता येत नाही. मग हा प्रयोग कसा काय बसतो नियमात?

त्या डॉक्टरांनी मला उलट विचारले, "पाम खात्रीचं आहे हे कुणी सिद्ध केलं?" सगळा पेच एवढ्यातच आहे. पाम उपकारक आहे असे मानले तर न देणे हा अपराध. पण ते अपायकारक असेल तर? मग इतकी वर्षे देत आलो तो अपराध, आणि तो कुणाच्या नजरेस आला नाही, कारण न दिलेल्या ओळी कुठेच नव्हत्या. दोन्ही शक्यता खरोखर समान वाटत असतील तरच असा प्रयोग करण्याचा अधिकार डॉक्टरला पोचतो. एका बाजूला मन झुकले असेल तर पोचत नाही.

निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २३५ रुग्ण होते. मूळ बेत याहून पुष्कळ मोठा होता, पण प्रयोग मध्येच थांबवावा लागला. पाम मिळालेल्या १२१ पैकी ३० दगावले. मिठाचे पाणी मिळालेल्या ११४ पैकी १८. रक्त तपासले तर पामने विकर सोडवलेले दिसत होते, म्हणजे कागदावरचे काम त्याने केले होते. पण माणसे जास्त वाचली नाहीत. रुग्ण थोडे असल्याने हा फरक योगायोगानेही पडलेला असू शकतो, त्यामुळे पाम मारक आहे असेही त्यातून म्हणता येत नाही. पुढे २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेसाठी तज्ज्ञांनी सगळे प्रयोग एकत्र ठेवून पाहिले. त्यांनी लिहिले की पामने फायदा होतो की अपाय, हे ठरवण्याइतका पुरावा नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात त्या रात्री डॉक्टर "मी सांगू शकत नाही" म्हणाले ते यामुळे. आम्हाला वाटले पोराला काही येत नाही.

आता त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पाठ्यपुस्तक म्हणते पाम द्या. ते दिले नाही आणि रुग्ण दगावला तर नातेवाईक म्हणणार, इंजेक्शन दिले नाही म्हणून मेला. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, त्यामुळे खासगी डॉक्टरच्या डोक्यात तेही असते. दिले आणि घरच्यांनी त्यासाठी बैल विकला, आणि रुग्ण तरीही गेला, तर? किंवा वाचला, पण तो पामशिवायही वाचणारच होता, तर? भिऊन लिहिलेली चिठ्ठी आणि विचार करून लिहिलेली चिठ्ठी यांत मेडिकल दुकानदाराला काही फरक दिसत नाही. पैसे आपले जातात.

स्वस्त औषध, महाग माणूस

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो बांगलादेशातला एक साधा प्रयोग. चितगावच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात १५६ रुग्णांवर फक्त ॲट्रोपीन देण्याच्या दोन पद्धती ताडून पाहिल्या. जुनी पद्धत म्हणजे ठरलेली मात्रा ठरलेल्या वेळाने टोचत राहणे. नवी पद्धत अशी की दर काही मिनिटांनी छाती ऐकायची, कोरडी झाली नसेल तर मात्रा दुप्पट करायची, कोरडी झाली की सलाईनमधून सावकाश चालू ठेवायची. २०१२ मध्ये निकाल छापला गेला. जुन्या पद्धतीत ८० पैकी १८ दगावले, नव्या पद्धतीत ७५ पैकी ६.

यात नवे औषध काहीच नाही. लागतो तो खाटेपाशी बसून राहणारा, कान लावून ऐकणारा डॉक्टर किंवा सिस्टर. आणि आपल्या ग्रामीण दवाखान्यात तुटवडा नेमका त्याचा. पाम लिहून द्यायला एक मिनिट लागते, ॲट्रोपीन नीट द्यायला अख्खी रात्र. त्या रात्री डॉक्टर दुसऱ्या वॉर्डातल्या बाळंतिणीकडे दोनदा धावले. दोन्ही वेळा आमच्या खाटेवरची सगळी माणसे त्यांच्यावर चिडली. तिकडची माणसे ते इकडे आल्यावर चिडली असणार.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यात शिरून फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, विसाहून अधिक माणसे गेली, सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. इतके रुग्ण एकदम येतात तेव्हा श्वासाचे यंत्र कुणाला लावायचे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. आधी आला त्याला? जास्त गंभीर त्याला? की वाचण्याची शक्यता जास्त असलेल्याला? यंत्र एकाला लावले की दुसऱ्याचे नातेवाईक समोर उभे असतात.

'जिल्ह्याला न्या' हाही असाच घोळ. यंत्र जिल्ह्याला आहे हे खरे. पण छाती कोरडी व्हायच्या आत, अर्धवट ॲट्रोपीनवर रुग्णाला दीड तास गाडीत हलवला तर तो वाटेतच जाऊ शकतो. आधी इथे स्थिर करायचा, मग हलवायचा. डॉक्टर असे म्हणाले की आपल्याला वाटते अडवून धरतो आहे. लगेच पाठवले तर वाटते हात झटकले. तीच तऱ्हा पोट धुण्याची. नाकातून नळी घालून पोट धुतले की घरच्यांना बरे वाटते, काहीतरी केले म्हणतात. पण उशिरा आलेल्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाचे पोट जबरदस्तीने धुतले तर विष श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि फवारताना कातडीतून विष गेले असेल तर पोट धुऊन काय निघणार? लोकांच्या समाधानासाठी नळी घालायची की शिव्या खाऊन थांबायचे, हे त्या डॉक्टरला दोन मिनिटांत ठरवावे लागते.

केसपेपरवर काय लिहायचे

एक विषय आपण गावात मोठ्याने बोलत नाही. त्या रात्री सिस्टरने केसपेपर लिहायला घेतला तेव्हा पाहुणे मंडळी एकसुरात म्हणाली, "फवारताना लागलं असं लिवा." आमच्या माणसाच्या बाबतीत ते खरेच होते, मी स्वतः पंप आणि अंगावरचे कपडे पाहिले होते. पण दर वेळी ते खरे नसते हे आपण सगळे जाणतो.

त्यामागे दोन कारणे असतात. एक, पोलिसांची भीती. दुसरे, पैसा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेने मृत्यू आला तर वारसांना २ लाख रुपये मिळतात, आत्महत्येला त्यात स्थान नाही. म्हणजे डॉक्टरच्या पेनाच्या टोकावर एका विधवेचे दोन लाख असतात. त्याने काय करावे? खोटे लिहिले तर तो गुन्हा. आणि उद्या खरा अपघात घेऊन आलेल्या दुसऱ्या बाईच्या कागदावरही संशय घेतला जातो. मला भेटलेले डॉक्टर म्हणाले, "मी न्यायाधीश नाही. कुणी काय सांगितलं ते सांगणाऱ्याच्या नावासह लिहितो आणि मला जे दिसलं ते लिहितो. 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार' हे शब्द गाळत नाही." मला हे पटले. ज्यांना ते निष्ठुर वाटेल त्यांचीही बाजू मी समजू शकतो.

पोलिसांच्या भीतीबद्दल मात्र पोलीस पाटलांनी गावात स्पष्ट सांगावे. विषबाधेची खबर दवाखाना पोलिसांना देतो, ते त्याचे काम आहे. पण आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. जिवाचे बरेवाईट करू पाहणाऱ्याला शिक्षा करणारे जुने ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. त्याआधीच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे धरून त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. तेव्हा भीतीपोटी माणूस घरात झाकून ठेवू नये आणि डॉक्टरांपासून खरे लपवू नये. किती वेळ झाला, पोटात गेले की कातडीतून, यावर उपचार बदलतो. मन खचलेल्या माणसाशी बोलण्यासाठी सरकारचा टेली-मानस हा १४४१६ क्रमांक आहे, तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लिहून ठेवायला एक खडू पुरतो.

खाटेपर्यंत पोचायच्या आधी आपल्या हातात काय असते, तेही सांगतो. फवारताना चक्कर, मळमळ, घाम, धूसर दिसणे सुरू झाले की पंप तिथेच उतरवावा. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने भरपूर पाण्याने धुवावे, धुणाऱ्याने हातावर प्लास्टिकची पिशवी का होईना चढवावी. मीठ-पाणी, तूप, ताक, काही पाजू नये. उलटी करवू नये. कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने न्यावे. आणि बाटली न्यावी, निदान तिच्यावरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो. झाकणाचा रंग सांगू नये. लेबलावरच्या त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण डॉक्टरांना हवे असते ते आतल्या घटकाचे नाव. दोन औषधे एका टाकीत मिसळून मारली असतील तर दोन्ही बाटल्या न्याव्यात. हे मिश्रण स्वतःच्या अकलेने करणाऱ्यांना काय म्हणावे! दुकानदाराने सांगितले म्हणून तीन-तीन औषधे एका टाकीत ओतणारे आहेत, आणि डॉक्टरपुढे मग तीन विषांचा गुंता येतो.

त्या रात्री शेजाऱ्याने आणलेली बाटली क्लोरपायरीफॉसची निघाली. डॉक्टरांनी लेबल वाचले, किती वेळ झाला ते पुन्हा विचारले आणि म्हणाले, "या गटात देऊन पाहण्याला अर्थ आहे." दवाखान्यातल्या साठ्यातून त्यांनी पाम सुरू केले. बाहेरून एकही कुपी मागवली नाही, आणि तसे का, हे भावाला खाली बसून दोनदा समजावले. पहाटे चारला छातीतली घरघर थांबली. दुसऱ्या दिवशी मान उचलेना, म्हणून जिल्ह्याला हलवले, तिथे काही दिवस यंत्रावर होते. नवव्या दिवशी ते चालत घरी आले.

पामने वाचले की ॲट्रोपीनने, मी डॉक्टरांना विचारले होते. ते हसले. "एका झाडावरून तुम्ही खताची शिफारस करता का?"

परवा बोंडअळीचे कामगंध सापळे द्यायला त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. बैलजोडी दावणीला होती. गोठ्याच्या कोनाड्यातल्या बाटल्या मात्र दिसल्या नाहीत. विचारले तर वहिनींनी पत्र्याची पेटी दाखवली, बाहेर भिंतीला ठोकलेली, कुलूप लावलेली. किल्ली त्यांच्या कमरेला होती. "मागितली तर देत नाय," त्या म्हणाल्या, "आदी मोजे घाला म्हणते, मग देते."